दोन वाद्यांना एकच अॅम्प

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा वाद्यवादन, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करावे हे या कागदावर लिहून ठेवते. कोणी सांगितले म्हणून नाही, कोणाच्या धाकाने नाही. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्या दाखल्यात एक गोष्ट आलेली नाही, ती मीच लिहिते. मी फार घाबरलेली आहे.

वकीलबाई म्हणाल्या, "हे वाक्य काढू या का? उद्या कोणी म्हणायचं, बाईंना घाबरवून लिहून घेतलं." मी म्हटले, राहू द्या. मला घाबरवणारे कोणी माणूस नाही. खरे काय ते कागदावर असलेले बरे.

कलम १. हे मृत्युपत्र आत्ताच का

माझ्या हृदयाची लय चुकते. मी आयुष्यभर तालात वाजवले आणि आता माझे स्वतःचेच ठोके ताल सोडतात, हे ऐकून आमचा जुना ड्रमवाला हसला आणि मग त्याचे डोळे भरून आले. येत्या सोमवारी माझ्या छातीत, कातडीखाली, एक लहानसे यंत्र बसवणार आहेत. लय फारच बिघडली तर ते यंत्र आतल्या आत विजेचा झटका देते आणि हृदयाला ताळ्यावर आणते.

डॉक्टर तरुण आहेत, चांगले आहेत. मला चित्र काढून दाखवले. मी विचारले, "याचं अर्थिंग कुठे असतं?"

ते हसले. माझा चेहरा पाहून थांबले. म्हणाले, "तुम्हाला विजेची भीती वाटते का?"

मी म्हटले, "मला दुसऱ्या कशाचीच वाटत नाही."

ही भीती कुठून आली ते समजल्याशिवाय पुढच्या वाटणीचा अर्थ लागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वकीलबाईंनी परवानगी दिली आहे. पाने जास्त लागली तरी चालतील म्हणाल्या.

कलम २. घर आणि ठेव

वरच्या मजल्यावरच्या या दोन खोल्या आम्हा नवराबायकोच्या कष्टाच्या आहेत. त्या मुलगी आणि मुलगा या दोघांना समान. विकायच्या असतील तर दोघांच्या संमतीने विकाव्यात. बँकेतली ठेवही निम्मी निम्मी. यावर भांडण्यासारखे काही नाही, आणि ही दोघे यावर भांडणारही नाहीत. ती भांडतात आवाजावरून.

कलम ३. स्टील

माझे पेडल स्टील मुलीला. ज्यांनी हे वाद्य पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते: चार पायांवर उभे असलेले, टेबलासारखे आडवे, तारांचे वाद्य. डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची, खाली पावलांनी पेडल दाबायचे आणि गुडघ्यांनी बाजूचे दांडे ढकलायचे. वाजवणारी बाई त्यात अशी अडकून बसते की चटकन उठायचे म्हटले तर उठता येत नाही. हे लक्षात ठेवा.

त्याचा पुढचा उजवा पाय वाकडा आहे. मुलीने तो बदलून घेतला तरी माझी हरकत नाही. तो का वाकला हे मात्र तिने तिच्या मुलांना सांगावे.

आम्ही दोघे एका हॉटेलच्या नाचघरात वाजवत असू. मी स्टील, हे इलेक्ट्रिक गिटार. ह्यांचा स्वतःचा अॅम्प, म्हणजे वाद्याचा आवाज मोठा करणारी पेटी, होता, जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा, काळ्या कातडी कापडाचा. आम्ही त्याला काळी पेटी म्हणायचो. माझा वेगळा. ह्यांची पेटी स्टेजच्या डाव्या सॉकेटात, माझी उजव्या. काळ्या पेटीच्या प्लगची अर्थिंगची पिन ज्याच्याकडून पेटी घेतली त्यानेच काढून टाकलेली होती. ती असली की पेटीतून घूंऽऽ असा आवाज यायचा, नसली की थांबायचा. तेव्हा सगळेच असे करत. त्या काळात शॉक म्हणजे बोटाला चिमटा बसतो एवढीच आमची समजूत.

त्या संध्याकाळी पाहुणे यायचे होते. मी बसून तारा लावत होते. हे उभे, डावा हात गिटारीच्या तारांवर. "अगं, जरा सरक," म्हणत ह्यांनी उजवा हात माझ्या स्टीलच्या लोखंडी चौकटीवर टेकला.

आणि ह्यांचे बोलणे तिथेच तुटले.

ओरडले नाहीत. हललेही नाहीत. तोंड उघडे, दात दिसत होते. हे पुष्कळदा असले चाळे करायचे, स्टेजवर मेल्याचे सोंग करायचे. पण डोळे सोंगातले नव्हते. डोळे मला काहीतरी सांगत होते आणि हात चौकटीवरून सुटत नव्हता.

मी उठायला गेले तर गुडघे दांड्यांत. हात लावायचा नाही एवढे कुठून सुचले ते मला आजही सांगता येत नाही. मी दोन्ही गुडघ्यांनी आणि पावलांनी, अंगात होते नव्हते तेवढे बळ लावून, ते अख्खे वाद्य पुढे ढकलले. ते स्टेजवरून खाली कोसळले. ह्यांचा हात सुटला. हे पाठीवर पडले. ड्रमवाल्याने, त्याला सगळे काडी म्हणतात, धावत जाऊन दोन्ही प्लग उपटले.

हे जगले. उजव्या तळव्यावर चौकटीच्या कडेचा काळा डाग पडला तो शेवटपर्यंत होता. शुद्धीवर आल्यावर पहिले वाक्य काय, तर "स्टीलला लागलं का गं?"

कलम ४. नाचघराच्या मॅनेजरला

काही नाही.

तो त्या वेळी आला, ह्यांच्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाला, "वाजवणाऱ्यांना शॉक बसतच असतात. पाहुणे जिन्यात आहेत, तेवढं एक तास उरकून घ्या." काडीने त्याला स्टेजवरून खाली उतरवले. कसे ते मी कायद्याच्या कागदात लिहीत नाही. तो माणूस आता म्हातारा आहे आणि अधूनमधून रस्त्यात भेटतो तेव्हा नमस्कार करतो. मी करत नाही. माझ्या शोकसभेला आला तर त्याला बसू द्यावे, चहा द्यावा, बोलायला उभे करू नये.

कलम ५. मोठा अॅम्प

ह्यांना आठवड्यात पुन्हा वाजवायचे होते. मी म्हटले, तुम्ही वाजवा, मी नाही. माझी छाती धडधडायची नुसता प्लग पाहिला की. घरातली इस्त्रीसुद्धा मी लाकडी पाटावर उभी राहून लावायची. शेवटी मी एक अट घातली. दोघांची वाद्ये एकाच अॅम्पमध्ये, एकच वायर, भिंतीत एकच प्लग, आणि त्याला तिन्ही पिना. म्हणजे त्यांच्या तारा आणि माझी चौकट एकाच ठिकाणी जोडलेली राहील आणि दोघांच्या मध्ये वीज उभी राहणार नाही.

हे म्हणाले, "एका पेटीत दोन्ही वाद्यं? अगं, तुला पाहिजे साबणानं धुतलेला आवाज आणि मला पाहिजे खरचटलेला. कसं जमायचं?"

खरे होते ते. स्टीलला भरपूर ताकदीचा अॅम्प लागतो. लांबलेला सूर फुटता कामा नये, वरचे सूर कानात टोचता कामा नयेत. गिटारला उलट, थोडक्या ताकदीचा, जोर केला की जरा फाटणारा. त्या फाटण्यातच ह्यांचा जीव. दुकानदार म्हणायचे, "बाई, दोन घ्या, सगळे दोनच घेतात." मी दुकानात उभी राहून मान हलवायची. कारण सांगायची नाही. मग हे दुकानदाराला सांगायचे, "बायको म्हणते एक, म्हणजे एक."

तो अख्खा हिवाळा आम्ही दुकाने पालथी घातली. व्हॉल्व्हचा एक लहान गोड अॅम्प होता. गिटारीवर ह्यांचे डोळे मिटायचे, पण माझा आवाज अर्ध्यावर नेला की वरचा सूर चिरायचा. मग एक खास स्टीलसाठीचा. माझे सूर त्यातून तुपासारखे यायचे, आणि ह्यांनी गिटार लावली तर म्हणाले, "उकडलेला बटाटा. मीठसुद्धा नाही." दुकानदाराला वाटले, खाण्याचे बोलतायत.

शेवटी सापडला तो जुना, वापरलेला, दोघांनी उचलावा लागेल असा जड. पंधरा इंची स्पीकर, वाद्य जोडायच्या दोन स्वतंत्र वाटा, प्रत्येकीची पिळायची बटणे वेगळी. तिथे ह्यांनी एक युक्ती केली. म्हणाले, "आपल्या हाताचं आपल्याला कळत नाही. तू गिटार घे, मी स्टीलवर बसतो." मी गिटारीवर मला येणारे चार सूर वाजवले आणि हे भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिले. मग हे स्टीलवर बसले. गुडघे कुठे, पावले कुठे, काही पत्ता नाही. असा आवाज निघाला की दुकानाच्या मागून एक मांजर बाहेर आले. मी कितीतरी दिवसांनी हसले. हसता हसता ऐकलेही. लांबलेला सूर फुटत नव्हता.

फाटण्यासाठी ह्यांनी गिटारीच्या वाटेत पायाने दाबायची एक छोटी डबी लावली, वरचे सूर थोडे कमी केले. म्हणाले, "तुझा आवाज यातून गातो, माझा खोकतो. असू दे. खोकणारं माणूस जिवंत असतं."

काळी पेटी माळ्यावर गेली. ह्यांनी तिच्यावर चादर घातली तेव्हा मी पाहिले नाही असे दाखवले.

एका स्पीकरमधून दोघांचा आवाज यायचा, त्यामुळे दोघांनी एकदम जोर केला की सगळा गिचका व्हायचा. एकाने मागे सरावेच लागे. सुरुवातीला त्यावरून आमची जुंपायची. नंतर नंतर ह्यांनी श्वास घेतला तरी मला कळायचे की आता जागा सोडायची आहे.

या अॅम्पची वाटणी मी तीन वेळा लिहिली आणि तीन वेळा खोडली. ती पुढे सातव्या कलमात आहे.

कलम ६. काळी पेटी

ह्यांना जाऊन तीन वर्षे झाली. फुप्फुसे गेली, विजेचा काही संबंध नाही. माझा मुलगा गिटार वाजवतो, त्याची ताई माझ्याकडून स्टील शिकलेली आहे. गेल्या महिन्यात दोघांनी मिळून वाजवायचे ठरवले. मला आनंद झाला. मी पलीकडच्या खोलीत गेले बघायला, आणि दारातच थांबले.

खोलीच्या या भिंतीत एक प्लग, त्या भिंतीत दुसरा. मुलाने माळ्यावरून काळी पेटी काढली होती. मुलगी मोठ्या अॅम्पवर. मुलगा गिटार गळ्यात घालून तिच्याजवळ उभा होता आणि स्टीलवर ठेवलेला कागद उचलायला हात पुढे करत होता.

मी किंचाळले. मला आठवत नाही काय. मुलगी म्हणते, मी फक्त "हात! हात!" म्हणत होते.

मुलगा म्हणाला, "आई, मी पेटी पूर्ण नवी करून घेतलीय. वायर नवी, तीन पिनांची. आतले कंडेन्सर नवे. घरातलं अर्थिंगही तपासून घेतलं."

"बंद कर."

"आई, ऐक तर. बाबांच्या पेटीचा आवाज मी लहानपणापासून फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलाय. तुम्ही सगळे सांगता, काय आवाज होता. मला वाजवायचाय तो. माझाही बाप होता तो."

मी जिन्यात जाऊन बसले. त्याच दिवशी माझी लय पहिल्यांदा इतकी चुकली की दवाखान्यात न्यावे लागले. मुलाला वाटते, त्याच्यामुळे झाले. इथे लिहून ठेवते की डॉक्टरांनी तसे म्हटलेले नाही. दुखणे जुने होते. त्याने हे ओझे घेऊ नये.

दवाखान्यातून आल्यावर मी वकीलबाईंना बोलावले आणि अट सांगितली: मोठा अॅम्प दोघांना मिळून, काळी पेटी फोडून टाकावी, आणि दोघांनी एकत्र वाजवताना दोन अॅम्प कधीही लावू नयेत. बाई म्हणाल्या, "कुठला प्लग कुठे लावायचा हे कुठलं कोर्ट बघणार?" मी म्हटले, "कोर्ट नसेल बघत. मुलं माझं ऐकतील." त्यांनी लिहून घेतले. लिहून झाल्यावर शांतपणे विचारले, "आणि ऐकतील ती कायमची. हे तुम्हाला पाहिजे ना?"

मी एक दिवस मागून घेतला.

कलम ७. अटीचे काय केले

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोघांना बोलावले आणि म्हटले, "दोन्ही पेट्या लावा. दोन वेगळ्या भिंतींत. त्या दिवशी होत्या तशा."

मुलगी म्हणाली, "कशाला?"

"लावा म्हटलं ना."

मुलाने वीज मोजायचे मीटर आणले. एक टोक गिटारीच्या तारेला, एक स्टीलच्या चौकटीला. काटा हलला नाही. त्याने मला दाखवले, ताईने पुन्हा लावून दाखवले. शून्य. मला वाचता येते. काट्यावर माझा अविश्वास नव्हता. पण डोक्याला पटून काय उपयोग, गुडघ्यांना पटत नव्हते.

मी मुलाजवळ गेले. त्याच्या गळ्यातल्या गिटारीच्या तारांवर डावा हात ठेवला.

मुलगी ओरडली, "आई, वेडी आहेस का? तुझं हृदय!"

मुलगा पांढरा पडला होता. पण तो हलला नाही. एवढेच म्हणाला, "आई, मी आधी लावतो हात. तू बघ."

"नाही," मी म्हटले. "तुझा हात मला बघायचा नाहीये."

ह्यांचा चेहरा समोर होता, तोंड उघडे, दात दिसणारे. मला उजवा हात वर करता येईना, खरेच येईना, कोणी धरून ठेवल्यासारखा. मग मी तो डोळे मिटून नाही, डोळे उघडे ठेवून, चौकटीवर टेकला.

चौकट गार होती. तारा जरा कोमट, मुलाच्या बोटांनी. आणखी काही नाही.

मी तशीच उभी राहिले. मुलगी रडत होती. मुलाने हळूच एक तार छेडली, माझ्या बोटांखाली, आणि काळ्या पेटीतून तो आवाज आला. खरचटलेला. मी तो इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

भीती गेली असे कोणी समजू नये. ती गेलेली नाही. मी आजही इस्त्री पाटावर उभी राहूनच लावते. पण ती माझी आहे, आणि माझ्या स्थावर-जंगम मालमत्तेत ती धरू नये. तिचा कोणी वारस नाही.

म्हणून आधीची अट रद्द. काळी पेटी मुलाला, न फोडता. मोठा अॅम्प मुलीला. एकत्र वाजवताना दोन लावायचे की दोघांनी एकातच यायचे, हे त्यांनी कानांनी ठरवावे. एकमेकांचे वाद्य घेऊन, भिंतीकडे तोंड करून ऐकावे, मग ठरवावे. मीटर मात्र दर वेळी लावावे. ही अट नव्हे, आईचे सांगणे आहे.

कलम ८. किरकोळ

सोल्डरिंगचे सामान, कानस, पक्कड, तारांची पाकिटे आणि सगळ्या लोखंडी कांड्या काडीला. तो त्यांचे काय करणार हे मला माहीत नाही. त्यालाही नाही. पण प्लग उपटणाऱ्या माणसाला माझ्या घरातून रिकाम्या हाताने पाठवू नये.

कलम ९. माझ्या शरीराबद्दल

मी गेले की छातीतले यंत्र डॉक्टरांकडून आधी बंद करून घ्यावे, मगच मुलांनी मला हात लावावा. डॉक्टर म्हणाले, गरज असतेच, ते करतातच. तरी लिहिते.

जिवंतपणाचे वेगळे आहे. डॉक्टरांना मी शेवटचा प्रश्न विचारला होता, तो मुलांना सांगितलेला नाही. मला आतून झटका बसत असताना कोणी माझा हात धरलेला असेल तर त्याचे काय होईल? मला माझ्या मरणापेक्षा त्याची धास्ती होती, की मीच ती चौकट होऊन बसेन. डॉक्टर म्हणाले, "धरणाऱ्याला फार तर मुंग्या येतील. इजा नाही."

त्या वेळी माझा हात धरू नका, असे मी या कागदात पहिल्या दिवशी लिहिले होते. ते वाक्य आज माझ्या हाताने खोडते आहे. खोडल्याच्या जागी सही केली आहे.

व्यवस्था पाहण्याचे काम वकीलबाईंकडे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. पुढे करण्याइतके आयुष्य मिळाले तर आनंदाने करीन.

स्थळ: राहते घर, वरचा मजला, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ९ मार्च

सही
(स्टील वाजवणारी)

साक्षीदार पहिला: काडी, ड्रमवाला, निवृत्त. बाईंनी माझ्यासमोर सही केली. हात कापत होता. मी म्हटले, थांबू का जरा? म्हणाल्या, "नाही, कापू दे," आणि पूर्ण नाव लिहिले.

साक्षीदार दुसरी: खालच्या मजल्यावरची शिंपीण. मी वाचून पाहिले नाही, वाचायचे नसते असे सांगितले. सही करताना बाई शुद्धीत होत्या. उजव्या हाताने सही केली, डाव्या हाताने त्यांनी माझा हात धरला होता.